बेचाळीस मिनिटांची बत्तीस

१९ जानेवारी, रविवार

बेचाळीस मिनिटं. पुन्हा बेचाळीस!

विमानतळावरून नजीरनं सकाळी पाठवलेला व्हिडिओ घड्याळ लावून तीनदा पाहिला. मुंबईचं विमान येऊन थांबलं, चाकांना ठोकळे लागले, माणसं उतरली, सामान निघालं, झाडलोट, पाणी, इंधन, नवी माणसं चढली, दारं लागली, ठोकळे निघाले — बेचाळीस. मी तिथं उभी असताना बेचाळीस लागत होती, मी नसतानाही बेचाळीसच. माझ्या असण्यानं काही फरक पडत नाही, एवढं तरी सिद्ध झालं!

पंधरा वर्षं विमानतळावर काढली. शिड्या, ट्रॅक्टर, इंधनाचे टँकर यांच्यामधून रोज फिरले, कधी खरचटलं नाही. संक्रांतीला आईकडे दुसरबीडला आले आणि न्हाणीत पाय घसरला. डाव्या घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे. आई भेटायला येणाऱ्यांना सांगते, "विमानावरून पडली." दोनदा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं. आईला त्यात मान वाटतो, माझं काय जातं? तरी टोचतं.

रजा आहे पण सुट्टी नाही. मुख्य कार्यालयातल्या राजकुमार सरांनी स्पष्ट सांगितलंय: संध्याकाळची एक नवी फेरी द्यायची आहे, आम्हाला किंवा दुसऱ्या एका शहराला. फेब्रुवारीत एक आठवडा चाचणी. सरासरी बत्तीस मिनिटांच्या आत आली तर फेरी आमची. नाही आली तर मार्चमध्ये आमच्याकडची नऊ कंत्राटी माणसं कमी. नऊजणांना मी चेहऱ्यानं, आवाजानं, डब्यातल्या भाजीनं ओळखते. आराखडा करायचं काम माझं. "आप तो वैसे भी बैठी हैं," सर म्हणाले.

बसले नाहीये. आडवी आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

अमीना आली होती. शाळेतली एकमेव मैत्रीण जी अजून मला पुष्पे म्हणते. बाकी सगळ्यांना मी एकदम पुष्पांजलीताई झाले. तिचं मेन रोडला ऑनलाइन सेंटर आहे — दाखले, फॉर्म, रेल्वेची, विमानाची तिकिटं. घरात नेट रांगतं, म्हणून व्हिडिओ तिच्याकडे उतरवून घेते.

तिनं अर्धा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "काय वं, एवढे शिकलेले लोक अन् एक गाडी रिकामी करायले पाऊण घंटा? आमच्या स्टँडवरचा कंडक्टर पाच मिनिटात उतरवते अन् चढवते. वरून भांडते बी."

म्हटलं, एसटीत पाणी भरावं लागत नाही, संडास साफ करावा लागत नाही.

"म्हणून तर लोक एसटीनं जातात," अमीना म्हणाली.

२३ जानेवारी, गुरुवार

आजवर सोळा व्हिडिओ. डोळे चुरचुरतात. निष्कर्ष — शून्य.

२६ जानेवारी, रविवार

सापडलं! की सापडल्यासारखं वाटतंय? उद्या पुन्हा वाचेन. आज लिहूनच टाकते.

गल्लीत लग्न होतं. मला खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं (चौघांनी; पाचवा म्हणाला, "वजन विमानाचंच हाय"). लग्न लागलं आणि पंगती सुरू झाल्या. गावात आता बुफेची फॅशन आली आहे, पण ज्या घरची पंगत असेल तिथं अजून पुंजाजीबाबांनाच बोलावतात. पंचाहत्तरीचे, हातात काठी, तोंडात सुपारी. ते वाढत नाहीत, जेवत नाहीत. नुसते उभे राहतात. आणि दोनशेची पंगत उठून दुसरी दोनशेची बसून पानावर पहिलं वरण पडेपर्यंत — मी घड्याळ लावलं होतं — सात मिनिटं! चारही पंगतींना सात, साडेसहा, सात, सात.

वही काढून लिहायला लागले. वधूच्या मावशीला वाटलं अहेर लिहून घेते आहे, तिनं पाकीट हातात दिलं. परत करेपर्यंत दुसरी पंगत निम्मी जेवली होती.

काय काय दिसलं: एका वाढप्याकडे एकच पदार्थ. वरणवाला वरणच वाढणार, बुंदीवाला बुंदीच. उष्टं उचलणारे वेगळे, ते अन्नाला हात लावत नाहीत. उचलणारे ज्या टोकाकडून सुरू करतात त्याच टोकाकडून मागोमाग नव्या पत्रावळी मांडणारे येतात. शेवटची रांग उचलली जाते तेव्हा पहिली रांग मांडून तयार. आणि मुख्य म्हणजे — पुढची पंगत आधीच जेवणाऱ्यांच्या पाठीशी येऊन उभी असते. बोलवायला जावं लागत नाही. जागा झाली की बसली.

दोन धिप्पाड बाप्ये मात्र मांडवाच्या कडेनं नुसते हात पसरून गप्पा मारत फिरत होते. पुंजाजीबाबांच्या व्यवस्थेतली तेवढी एक गळती.

जाताना विचारलं, बाबा, तुम्ही बघत काय असता?

"आखरीचा म्हातारा," ते म्हणाले. "पंगत पयल्या माणसानं उठत नसते बाई. ज्याचं ताक सगळ्यायच्या मांगून संपते, त्याच्यानं उठते. म्या त्यालेच शोधतो अन् त्याच्यापाशी दोन वाढपी जास्तीचे लावतो. बाकीच्यायले घाई करून काय उपेग? ते तर हात धुवायलेच बसले हायेत."

घरी आल्यावर आई म्हणाली, "जेवली का?" विसरले होते!

२७ जानेवारी, सोमवार

आमचा आखरीचा म्हातारा कोण? सोळा व्हिडिओ पुन्हा पाहिले, फक्त ह्या एका प्रश्नासाठी.

सामान नाही! वर्षानुवर्षं मी सामान उतरवणाऱ्यांवर ओरडत आले — "अश्वजित, हात चालवा!" — आणि सोळापैकी एकाही व्हिडिओत सामान शेवटी संपलेलं नाही. म्हातारा आहे मागची शिडी. ट्रॅक्टर एकच. तो आधी सामानाच्या ट्रॉल्या आणतो, मग परत जाऊन शिडी आणतो. विमान थांबल्यावर सहा मिनिटांनी मागचं दार उघडतं. तोवर पावणेदोनशे माणसं एकाच पुढच्या दारानं उतरतात. ती उतरेपर्यंत झाडणाऱ्या बाया खाली उभ्या. त्या आत जाईपर्यंत नवी माणसं उभी. सगळं एका शिडीपायी.

अश्वजितला काय वाटत असेल इतकी वर्षं? तो कधी उलटून बोलला नाही. हुशार माणूस आहे, त्याला बहुतेक माहीत होतं. मी विचारलंच नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आराखडा पाठवला. दीड पान. शिडी, ट्रॉल्या, बाया, पाण्याची गाडी — सगळं विमान यायच्या दहा मिनिटं आधी लाल रेषेपाशी तयार. जो तो आपल्या एकाच कामाचा. पाण्याचा माणूस संडासाच्या नळीला हात लावणार नाही (हा नियम आमच्या पुस्तकात आहेच, पण माणसं कमी असली की वाकतो, पंगतीत कधीच वाकत नाही). आणि एक वाक्य मी ठळक केलं: विमानाची वाट बघू नका, विमानाच्या पाठीशी उभे राहा.

नजीरचा फोन. माझी पाळी सध्या तोच सांभाळतो. मूळचा वरवट बकालचा, म्हणून आमचं जमतं. "मॅडम, ये पंगत वाला आयडिया एक नंबर! पण राजकुमार सरांना पंगत काय सांगू?"

म्हटलं, जपानी पद्धत म्हणून सांगा.

हसण्यावारी म्हटलं होतं. त्यानं खरंच तसं सांगितलं. सर खूश! खोटं माझ्या नावावर धरायचं की नजीरच्या?

संध्याकाळी अश्वजितचा फोन. तो त्या नऊजणांतलाच, उंद्रीचा. दोन वर्षांपूर्वी बायको-मुलीला शहरात आणलं, मुलगी तिथल्या शाळेत रुळली आहे. म्हणाला, "ताई, नक्की होईन ना बत्तीस? मग पोरीले शाळेतून काढा नाही लागत."

होईल म्हणाले. पटकन म्हणाले. एवढ्या पटकन म्हणायला नको होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

चाचणीचा पहिला दिवस. पस्तीस!

४ फेब्रुवारी, मंगळवार

तेहतीस! आईनं आपणहून शिरा केला. तिला तेहतीस म्हणजे काय ते कळलेलं नाही. माझा चेहरा कळला.

५ फेब्रुवारी, बुधवार

एकतीस!

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकोणतीस!! नजीर फोनवर नुसता ओरडत होता. मागून अश्वजितचा आवाज — "ताईले सांगा, उद्या अठ्ठावीस!" सरांनी माझा आराखडा आणखी चार शहरांना पाठवला म्हणे, "सब यही करो" असं लिहून. प्लास्टरमध्ये पाय नाचवता येत नाही, बोटं नाचवली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहू नये असं वाटत होतं.

अमीनाच्या सेंटरला गेले होते, वॉकर घेऊन, तिच्या स्कूटीवर मागे. कालचा एकोणतीसचा व्हिडिओ तिच्या मोठ्या स्क्रीनवर बघायची हौस होती. फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतं.

मोठ्या स्क्रीनवर विमान आलं, थांबलं. विमानाच्या पोटाखाली लाल दिवा असतो. इंजिन फिरत असेपर्यंत तो लुकलुकतो. तो विझेपर्यंत रेषेच्या आत कुणीही पाऊल टाकायचं नाही. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला शिकवतो हे. फिरतं इंजिन माणसाला आत ओढतं, आणि ओढलं की मागं काही उरत नाही.

दिवा लुकलुकत होता. आणि अश्वजित ट्रॉली ओढत आत. उजव्या इंजिनाच्या समोरून.

मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. दिवा अकरा सेकंदांनी विझला.

मग बाकीचे दिवस बघितले. बुधवारी सहा सेकंद. मंगळवारी दोन. सोमवारी सगळे रेषेच्या बाहेर, शहाण्यासारखे. रोज थोडंथोडं. कुणी ठरवून केलेलं नाही. पाठीशी उभा माणूस पुढं सरकतोच.

पाठीशी उभे राहा. ठळक अक्षरात. माझं वाक्य.

अमीना म्हणाली, "काऊन वं, चेहरा पांढरा झाला?" तिला दाखवलं. तिला आधी काही कळेना. मग समजावलं. तिनं स्क्रीनच बंद केली.

लगेच नजीरला फोन लावला. उद्यापासून दिवा विझेपर्यंत एकही माणूस आत नको. तो म्हणाला, हो मॅडम. एवढं तरी आज झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुंजाजीबाबांकडे गेले. शेजारीच आहेत, तरी वॉकरवर पंधरा मिनिटं. (माझीच सरासरी!) विचारलं, बाबा, तुमच्या पंगतीत मागे उभे असतात ते लोक पुढं नाही का सरकत?

"सरकतात ना! भुकेला माणूस सरकणारच."

मग?

"त्याच्यासाठीच तर दोघं ठेवले हायेत. हात पसरून फिरतात ते. तू पायलं नाही? त्यायचं कामच ते हाय — लोकायले मांगं रेटाचं. एका साली आमच्या भाऊरावच्या पाठीवर आधणाची वरणाची बादली सांडली. मांगचा माणूस पुढं आला, वाढप्याले धक्का लागला. तवापासून दोन माणसं फक्त त्याच कामाले. जेवण नाही वाढत, पाणी नाही देत. काहीच नाही करत. पण त्यायच्याशिवाय म्या पंगत बसवत नाही."

गळती! मी वहीत लिहिलं होतं — गळती. दोघं काही करताना दिसले नाहीत म्हणून त्यांना हिशेबातच धरलं नाही. पंधरा वर्षांचा अनुभव, स्टॅटिस्टिक्समधली पदवी, आणि दिसतं काय तर फक्त हलणारे हात.

९ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर एकच वाद, माझाच माझ्याशी.

एक म्हणते: नजीरला सांगितलंस, चूक थांबली. कुणाला लागलं नाही. अकरा सेकंदांनी एकोणतीसची काही पस्तीस होत नाही. गप्प बस. नऊ घरं आहेत.

दुसरी म्हणते: ते वाक्य आता चार शहरांत गेलंय. तिथं कोण मोठ्या स्क्रीनवर बघणार आहे?

पहिली म्हणते: मग त्या चार शहरांना एक ओळ पाठव, "रेषेची काळजी घ्या." कारण सांगायची गरज नाही.

दुसरी म्हणते: तशी ओळ त्यांना आधीच शंभर वेळा गेलेली आहे. भिंतीवर लावलेली आहे.

मी संध्याकाळी पत्र लिहिलं. काय घडलं, कितव्या सेकंदाला, आणि चूक आराखड्याची म्हणजे माझी, माणसांची नाही. अश्वजितचं नाव घातलं नाही. पुढं लिहिलं — प्रत्येक विमानाला एक माणूस फक्त रेषेवर लोकांना अडवायला ठेवावा, त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नये. आतापर्यंतचे दिवस चाचणीत धरू नयेत.

पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवलं. कळलं किती कोणास ठाऊक. म्हणाली, "त्या पोराले सांगितलं का आधी? दुसऱ्याच्या तोंडून नको समजू देऊ."

नव्हतं सांगितलं. फोन लावला. अश्वजित सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, मी तर तुमच्याच म्हणण्यावर पळत होतो."

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग पत्र पाठवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

राजकुमार सर: "ग्यारह सेकंद के लिए इतना लंबा मेल?" पण चार शहरांना दुपारपर्यंत सुधारलेला आराखडा गेला. आमची चाचणी पहिल्यापासून.

नजीर चिडलाय. "मॅडम, मला सांगितलं होतं ना तुम्ही, मी थांबवलं होतं ना?" खरंय त्याचं. त्याचा विश्वास मी मोडला का? मोडलाच असेल. रेषेवर मात्र त्यानं आज स्वतः उभं राहून माणसं अडवली. छत्तीस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पस्तीस, चौतीस, तेहतीस. एक माणूस रेषेवर गेला म्हणजे कामाचे दोन हात कमी. ते मिनिटांत भरावं लागणारच.

अश्वजितचा फोन नाही. रोजचे व्हिडिओ पाठवतो नजीर, खाली एक अक्षर लिहीत नाही. पूर्वी हसरे चेहरे असायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

छत्तीस, पस्तीस, चौतीस, तेहतीस, बत्तीस, एकतीस, तीस. बेरीज दोनदा केली, मग अमीनाकडून करवली.

सरासरी तेहतीस.

एक मिनिट!

अमीना म्हणाली, "बत्तीस लिहून टाक. तुह्याच हातात तर हाय." मी वही मिटली. मग म्हणाली, "नको, नको. म्या फक्त पाहत होती, तू अजून तीच हायेस का ते. सातवीत कॉपीच्या वक्ताले गुरुजीले स्वतःच जाऊन सांगितलं होतं यडे तू. अन् मार म्या बी खाल्ला."

तेहतीस कळवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काही नाही. फोनही नाही. आईनं तूर भरडली, मी निवडली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मिळाली! संध्याकाळची फेरी आम्हाला मिळाली! दहा मार्चपासून!

सकाळी सरांचं एका ओळीचं पत्र. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. नऊच्या नऊ माणसं कायम, वर आणखी दोघं घेणार. नजीरचा फोन — रुसवा कुठल्या कुठं! "मॅडम, तुमचं पत्र वरपर्यंत गेलं असणार. सच्चाई का फल!" मग अश्वजित. आधी नुसता हसत होता. मग म्हणाला, "ताई, पेढे आणून राह्यलो. पण तुमच्या न्हाणीत पाय ठेवणार नाही हां!" म्हणजे आईची विमानाची गोष्ट तिथं कुणीच मानली नव्हती.

मग अडखळत म्हणाला, "त्या दिवशी तसं बोललो, मनात नका धरू. घरी बायकोले व्हिडिओ दाखवला. ती ते पाहून मलेच मारायले धावली."

तेहतीस सांगूनही मिळाली. मला खरंच वाटायला लागलंय की वर कुणीतरी ते पत्र नीट वाचलं. असं वाटून घेणं म्हणजे गर्व का? असेना. एक दिवस गर्व.

पुंजाजीबाबांना सांगितलं. "मंग? त्या मांगं रेटणाऱ्या दोघायले पगार देऊन राह्यले का?" एवढंच म्हणाले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अमीना दुपारी धापा टाकत आली. नव्या फेरीचं पहिलं तिकीट तिनंच काढलं, एका गिऱ्हाइकाचं, मुंबईहून येण्याचं आणि पुढच्या आठवड्यात परत जाण्याचं. कागद माझ्या मांडीवर ठेवला. "पुष्पे, मले काही समजून नाही राह्यलं. हे एकच विमान ना? जे येते तेच वापस जाते?"

हो म्हणाले.

येतं सहा चाळीसला. निघतं सात पाचला.

पंचवीस मिनिटं. चाचणीचा आकडा, माझं पत्र, रेषेवरचा माणूस — यातलं काहीच नाही त्या वेळापत्रकात.

नजीरला फोन केला. त्यानं अजून पाहिलं नव्हतं. दोन्ही वेळा पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं प्लास्टर कधी निघतं?"

मंगळवारी निघणार होतं. मी म्हणाले, उद्या येते. वॉकर घेऊन.